येथे मन मोकळे करून मिळेल

पौनीकर काकांची आणि माझी ओळख माझ्या डोक्यापासून सुरू झाली. लग्न होऊन मी नागपूरला प्रताप नगरात आले, त्याच आठवड्यात शेजारचे एक उंच, किडकिडीत गृहस्थ नवी सून पाहायला आले. मी नमस्काराला वाकले. त्यांनी आशीर्वादाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, तो उचललाच नाही. डाव्या कानामागून सुरुवात करून त्यांची बोटं माझ्या कवटीवरून फिरत, अंबाडा ओलांडून पलीकडे गेली आणि टाळूवर येऊन थांबली. टरबूज घेताना लोक करतात तसं त्यांनी मधेच एकदा टिचकी मारून वाजवूनही पाहिलं. मग माझ्या सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, बुद्धी आहे. पण इथं, कानाच्या मागं, राग आहे. लय आहे. जपून राहा."

सासूबाईंचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. आठवडाभर त्यांना जे वाटत होतं, त्याला शास्त्राचा आधार मिळाला होता. पुढे कितीतरी वर्षं माझा आवाज जरा चढला की त्या पाहुण्यांना शांतपणे सांगायच्या, "तिचा दोष नाही बाप्पा, तिचं हाडच तसं आहे."

मी काकांवर जी खार खाऊन बसले ती तेव्हापासून.

त्यांचं नाव वसंतराव. घराणं उमरेडच्या विणकरांचं. वडील शेवटपर्यंत मागावर बसले. वसंतराव मात्र वीज खात्यात लागले आणि तारा, खांब, मीटर करत निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवाच्या मागे लागतात, शेअर बाजाराच्या मागे लागतात, नाहीतर सुनेच्या. काकांना सून नव्हती. ते लोकांच्या मनाच्या मागे लागले.

गेटवर पाटी होती. 'मनोपचार केंद्र. येथे मन मोकळे करून मिळेल. वेळ दुपारी दोन ते पाच. जेवण करून यावे.' पाटी रंगवणारा एरवी साडीला पिको-फॉल करून देणाऱ्यांच्या पाट्या रंगवायचा, त्याचा हात तसाच वळला असावा. फी नव्हती. "फी घेतली का माणूस बरं व्हाची घाई करते," काका म्हणायचे. नावामागे डॉक्टरही लावत नसत. कुणी म्हटलंच डॉक्टर, तर हात झटकून "डॉक्टर नाही गा, मेकॅनिक" असं म्हणायचे आणि मग दिवसभर खूश असायचे.

त्यांचा सिद्धांत सोपा होता. "माणूस म्हंजे काय? वायरिंग. बाकी सारं पीओपी." त्यामुळे रोगाची नावंही त्यांना वीज खात्यातूनच मिळाली होती. सुनेशी भांडून आलेल्या बाईला लोड जास्त असायचा. प्रेमभंग झालेल्या पोराचं कनेक्शन लूज असायचं. आणि कुणाचं काय बिघडलंय ते काहीच कळलं नाही, तर त्याला अर्थिंग नाही असं सांगून रोज सकाळी अंगणातल्या ओल्या मातीत अनवाणी उभं करायचे. आमच्या गल्लीत सकाळी सकाळी चार प्रतिष्ठित माणसं चिखलात उभी दिसली तर नवख्याला काही कळत नसे. आम्हाला कळायचं.

त्यांच्या केंद्रातले सर्वांत जुने आणि एकनिष्ठ रोगी म्हणजे बोरकुटे. हे पोस्टातून निवृत्त झालेले, आणि झोप न येणं हाच आता त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय होता. त्यांच्या मुलीला पाहायला एक मुलगा येणार होता. माणूस पारखायचा तर कवटीवरून, हा काकांचा आग्रह. बोरकुट्यांनी मुलाला आधी काकांच्या घरी चहाला आणलं. काकांनी गप्पा मारता मारता त्याच्या मागे उभं राहून बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बोरकुटे, डोळे मिटून देऊन टाका पोरगी! कुटुंबवत्सलतेचा उंचवटा पाहा, लिंबाएवढा आहे!" असं म्हणून त्यांनी तो उंचवटा दाबला. मुलगा किंचाळून उठला. पाच मिनिटांपूर्वी काकांच्याच घराच्या बुटक्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं होतं, आणि संकोचापायी बिचारा बोलला नव्हता. लग्न झालं. जावई चांगला निघाला. काका ते आजही आपल्या यशांत धरतात.

मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते हे कळल्यापासून मी 'प्रोफेसरीणबाई' झाले आणि माझी सुटका संपली. भाजीची पिशवी हातात धरून मी कंपाउंडच्या भिंतीशी अडकलेली असायची, आणि काका पलीकडून मला मनाच्या उपचारांचा इतिहास शिकवायचे. त्यांचं सगळं ज्ञान सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून आलेलं. त्याला मागची पानं नव्हती. एका दाढीवाल्या परदेशी डॉक्टरनं रोग्याला सोफ्यावर आडवं केलं आणि स्वतः उशाशी बसला, तिथे पुस्तक फाटलं होतं. त्यामुळे काकांचं मानसशास्त्रही तिथेच थांबलं होतं. पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि पुढे काही झालं असेल असं त्यांना वाटतही नव्हतं.

"तुमच्या इतिहासात सारे एकमेकाचे डोके कापून राहिले," ते म्हणायचे. "डोक्याच्या आत काय होतं, थे कोणी शिकवत नाही. आधी काय कराचे माहीत आहे? डोक्याले भोक पाडाचे. भूत बाहेर निघालं पायजे म्हणून. भूत निघे का नाही माहीत नाही, माणूस निघून जाये. मंग एका डॉक्टरनं लोहचुंबक काढलं. लोकाइले टबाभोवती बसवलं, हातात लोखंडाच्या सळया देल्ल्या, अन् सोता जांभळा झगा घालून फिरे. अन् लोक बरे होत!"

"खरंच बरे व्हायचे?" मी.

"होत ना. मंग राजानं चौकशी बसवली. चौकशीत निघालं का चुंबकात काही नाही, सारं लोकाइच्या मनात आहे." एवढं सांगून काका डोळे मिटायचे. "आता सांगा प्रोफेसरीणबाई, मनाचा रोग मनानंच बरा झाला, तर चूक कोणाची?"

याचं उत्तर मला द्यायचं असायचं, पण पिशवीतली मेथी सुकत असायची.

पुस्तकात वाचलेलं काका करून पाहत. उदास माणसाला खुर्चीत बसवून गरगर फिरवत असत, असं वाचल्यावर त्यांनी भंगारातून एक ऑफिसची फिरती खुर्ची आणली आणि बोरकुट्यांना बसवलं. बोरकुटे उतरले, दोन पावलं चालले आणि तुळशीला धरून त्यांनी सकाळचे तर्री-पोहे बाहेर काढले. "निघाली! उदासी निघाली!" काका टाळ्या वाजवत होते. पौनीकर काकू आतून बादली घेऊन आल्या आणि पाणी ओतता ओतता म्हणाल्या, "उदासीत वटाणे बी होते वं माय."

सुशीलाकाकू. ठेंगणी, चपळ, तोंडानं फटकळ बाई. नवऱ्याच्या शास्त्राकडे त्या, इतर बायका नवऱ्याच्या तंबाखूकडे पाहतात तशा पाहायच्या: सुटणार नाही, पण निदान गल्लीतच आहे. काकांनी एकदा त्यांनाही त्या दाढीवाल्याच्या पद्धतीनं बालपणात नेलं होतं.

"आठव सुशीला. लहानपणी कोणाले घाबरली होती?"

"लहानपणी कोणालेच नाही. लग्न झाल्यावर तुमच्या आईले."

काकांनी तो उपचार तिथेच थांबवला.

पण केंद्राचं खरं नाव झालं ते संमोहनामुळे. समोरच्या खोलीत एक तखतपोस होता. रोग्यानं त्यावर आडवं व्हायचं, बाकीच्यांनी खाली सतरंजीवर. काका उशाशी खुर्ची टाकून बसायचे आणि वडिलांचा धोटा दोऱ्याला बांधून रोग्याच्या डोळ्यांसमोर झुलवायचे. धोटा म्हणजे मागावर सूत इकडून तिकडे नेणारं होडीसारखं लाकूड. तीस-चाळीस वर्षं हाताळून गुळगुळीत झालेलं. "पाहा... इकडे... तिकडे... लोड कमी होऊन राहिला... मेन स्विच बंद होऊन राहिला..." आणि माणूस झोपायचा. अगदी खरोखर झोपायचा. रात्र रात्र तळमळणारे बोरकुटे दहा मिनिटांत घोरायला लागत. मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीत रात्रपाळी करणारा एक पोरगा तर धोटा हलायच्या आधीच झोपला. त्याला काकांनी 'अतिसंवेदनशील' ठरवलं. पाच वाजता सगळे उठायचे, काकू चहा द्यायच्या, लोक म्हणायचे, "काका, जादू आहे तुमच्या हातात," आणि हलके होऊन घरी जायचे.

माझ्या नवऱ्यानंही एकदा जाऊन पाहिलं आणि चादरीचे वळ गालावर घेऊन परत आला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "माहीत नाही. पण उद्या परत जाईन म्हणतो."

मला मात्र एक गोष्ट खटकायची. ही जादू मार्चमध्ये सुरू व्हायची आणि जूनमध्ये ओसरायची. हिवाळ्यात तर केंद्रात चिटपाखरू नसायचं. काकांनी यावरही सिद्धांत बसवला होता. "धातू उन्हाळ्यात फुगते का नाही? तसंच मन आहे. थंडीत आकसते, रोग आतल्या आत दबून राहते." मी मान डोलवायची. त्या खोलीच्या खिडकीला बाहेरून एक कूलर बसवलेला होता. उभं कपाट आडवं टाकावं एवढा; काकांनी वेल्डिंगवाल्याकडून खास बनवून घेतलेला. वाळ्याच्या ताट्या, खाली भली मोठी टाकी. नळाचा पाइप तिथवर पुरत नसे, म्हणून काकू दुपारी दीडच्या सुमाराला बादल्या भरभरून अंगणातून टाकीत ओतायच्या आणि ताट्यांवर पाणी मारायच्या. मे महिन्यातली नागपूरची दुपार, भरल्या पोटी, थंडगार अंधारी खोली आणि ओल्या वाळ्याचा वास. तिथे धोट्याऐवजी लाटणं झुलवलं असतं तरी चाललं असतं. हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं, काकूंना तर होतंच. "झोपले सारे. चाल मंग, शेंगा सोलू," असं म्हणत त्या भिंतीशी यायच्या. कळत नव्हतं ते एकट्या काकांना, आणि त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला काय सांगायचं?

दोन गल्ल्या सोडून एका खऱ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. मनोविकारतज्ज्ञ, पदव्यांची रांग, काचेचं दार. तिथे जायचं तर लोक गाडी कोपऱ्यापलीकडे लावून, बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळून जायच्या. कुणी पाहिलं तर काय म्हणेल! काकांकडे जायला मात्र काही लपवावं लागत नसे. शेजाऱ्याकडे दुपारचं टेकायला गेलो होतो, संपलं. काका त्या बाईंना 'गोळीवाली' म्हणायचे. "थे ऐकत नाही, लिहिते," एवढीच त्यांची टीका. पण ती करताना त्यांचा आवाज एरवीसारखा मजेत नसायचा. तेव्हा मला ते जाणवलं नव्हतं.

मग एका मे महिन्यात जादू बंद पडली.

पहिल्या दिवशी बोरकुटे जागेच राहिले. धोटा झुलत राहिला, आणि अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "वसंतराव, अजून किती वेळ?" दुसऱ्या दिवशी तीन माणसं घामाघूम होऊन उठून गेली. मिहानवाला पोरगासुद्धा जागा राहिला, म्हणजे पाहा. काकांनी दोरा बदलला, धोट्याला तेल लावलं, तखतपोसाची दिशा फिरवली. काही उपयोग नाही. शेवटी एका दुपारी ते भिंतीशी आले. चेहरा पडलेला, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"प्रोफेसरीणबाई, माझी शक्ती गेली."

मला हसू आलं, ते मी गिळलं आणि त्यांच्याबरोबर गेले. खोलीत पाऊल ठेवलं तर भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं झालं. कूलर गरम वारा फेकत होता. ताट्या वाळून गवतासारख्या झाल्या होत्या.

"काका, टाकीत पाणी नाही."

"त्याचा काय संबंध?"

"पाणी कोण भरतं?"

"सुशीला भरते ना."

"मग काकू कुठे आहेत?"

"आत आहे. आराम करून राहिली."

"कधीपासून?"

काका आतल्या दाराकडे पाहायला लागले. साऱ्या गल्लीच्या मनात काय चाललंय ते सांगणाऱ्या त्या माणसाला, आपली बायको कधीपासून आत बसलीय ते सांगता येईना.

काकू मोरीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. समोर भरलेली बादली, तिच्या कडीवर हात. केस विंचरलेले नव्हते. मला पाहून त्या ओशाळवाणं हसल्या, आणि तो ओशाळेपणा मला सहन झाला नाही. त्या बाईला मी कधी कुणापुढे ओशाळलेली पाहिली नव्हती.

"बादली उचलाची होती वं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बसली आहे. हातच उठत नाही."

"दुखतंय का काही?"

"काहीच नाही दुखत. दुखलं असतं त बरं झालं असतं."

झालं काहीच नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, ताप नव्हता. बाई आतून विझत चालली होती, एवढंच. झोप नाही, भूक नाही, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तोंडात एक टोमणा नाही. रोज मी काहीतरी शिजवून न्यायची आणि रोज काकू आदल्या दिवसापेक्षा थोड्या कमी वाटायच्या.

काकांनी सगळी हत्यारं बाहेर काढली. काकूंच्या मनगटाला चुंबकाच्या पट्ट्या बांधल्या. उशीखाली तांब्याची तार ठेवली. पहाटे ओल्या मातीत उभं केलं. काकू निमूट उभ्या राहिल्या, आणि उभं राहणं संपलं हे सांगायला काका विसरले तर तशाच उभ्या राहिल्या. डोक्यावरून दहा वेळा बोटं फिरवली. "सारं ठीक आहे," ते मला म्हणायचे, "उंचवटे सारे जागच्या जागी आहेत."

मी म्हटलं, काका, डॉक्टरीणबाईंकडे न्या. त्यांनी मान हलवली. मी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझ्या कानामागचा तो राग बाहेर पडला. "तुमच्या हट्टापायी बाई हातची जाईल!" मी भिंतीवरून ओरडले. काका भिंतीला टेकून उभे राहिले.

"आमची आक्का होती," ते म्हणाले. "माझ्याहून मोठी. तिनं असंच बोलणं सोडलं होतं. घरच्यांनी खोलीत कोंडून मिरच्याची धुरी देल्ली. मंग एका बाबाकडे नेलं, त्यानं साखळीनं बांधली. मंग मोठ्या दवाखान्यात नेली. थे वापस आलीच नाही. आता सांगा. मी सुशीलाले त्या काचेच्या दारातून आत कसा ढकलू?"

इतकी वर्षं मी ज्याला खूळ समजत होते, ते काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या केंद्रात लाकूड होतं, चुंबक होतं, चिखल होता. पण धूर नव्हता, साखळी नव्हती, आणि दाराला आतून-बाहेरून कडी नव्हती. मला त्यांची फार माया आली. पण मायेनं काकूंचं काही बरं होणार नव्हतं, आणि आता उशीर करून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुगाची खिचडी घेऊन गेले. काकांनी काकूंना तखतपोसावर निजवलं होतं आणि उशाशी बसून धोटा झुलवत होते. त्या उकाड्यात त्यांच्या बनियनवरून घाम निथळत होता. "सुशीला, पाहा... इकडे... तिकडे..." काकू आज्ञाधारकपणे पाहत होत्या. डोळे इकडे जात, तिकडे जात, आणि दोन्हीकडून पाणी वाहत होतं.

"ऐकता का," त्या हळूच म्हणाल्या. "ठेवा आता थे. तुमचा हात दुखन." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मले रोज वाटते, उद्या उठाचंच नाही. आज तर लय वाटून राहिलं."

त्यांनी धोटा थांबवला, दोरा त्याच्याभोवती नीट गुंडाळला आणि फळीवर ठेवला. खुंटीवरचा शर्ट चढवला. मग खोलीभर पाहत म्हणाले, "स्कूटरची चाबी कुठं आहे?"

काकूंनी न बघता बोट दाखवलं. फ्रिजवर.

त्यांनी स्कूटर कोपऱ्यापलीकडे लावली नाही. काचेच्या दारासमोर, पाटीच्या बरोबर खाली उभी केली, आणि कुणीतरी धरायला यावं म्हणून हॉर्न वाजवत बसले. अख्ख्या रस्त्यानं पाहिलं. मागे काकूंना धरून मी बसले होते. एका स्कूटरवर तिघं कशी मावलो ते अजून कळत नाही.

आत काका काकूंच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले. डॉक्टरीणबाई काकूंना विचारायच्या आणि उत्तर काका द्यायचे. झोप येते का? "लोड जास्त आहे." भूक? "अर्थिंगचा प्रॉब्लेम." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही बाहेर बसा."

"दाराले कडी लावान का?"

त्यांच्या आवाजात काय होतं ते त्या बाईंना कळलं असावं. त्या उठल्या, दार सताड उघडं केलं आणि त्यात एक स्टूल अडकवून ठेवलं. "नाही लावत. इथून तुम्हाला दिसतील त्या. फक्त मधे बोलू नका."

काका बाहेर बसले. पण बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. थोड्या वेळात बाहेरच्या बाकावरून आवाज ऐकू यायला लागला, "तुम्हाले काय होते? हात द्या इकडे." आम्ही बाहेर आलो तोवर स्कार्फ गुंडाळून बसलेल्या दोन बायकांचे स्कार्फ सुटले होते, एक तरुण रडून मोकळा झाला होता, आणि काका चौथ्याच्या कवटीवर बोटं फिरवत होते. कंपाउंडरला त्यांना उठवावं की चहा द्यावा ते कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी काकूंना गोळ्या लिहून दिल्या. असर दिसायला काही आठवडे लागतील, मधे एकटं ठेवू नका, मनात तसलं काही आलं की लगेच फोन करा, असं सगळं नीट समजावलं. मग काकांना म्हणाल्या, "आणि तुमच्यासाठी. त्यांना काही समजावू नका. त्या बोलतील तेव्हा फक्त ऐका, 'हं' म्हणा. आणि घर थंड ठेवा, कूलरमध्ये पाणी भरत जा."

"बस?" काका म्हणाले.

"जमलं तर खूप आहे."

बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "पोरगी चांगली आहे हो. पाणी लिहून देल्लं." त्यांच्या पुस्तकाची फाटलेली पानं मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यानंतर केंद्र बंद. दीड वाजला की काका पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून बादल्या वाहायचे. कमरेतून वाकडे होत, अर्धं पाणी अंगणात, अर्धं पायावर. गोळ्यांच्या वेळा त्यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक गोळी काकू गिळेपर्यंत स्वतःच आवंढा गिळत उभे राहायचे. आणि ऐकायला शिकले. काकू बोलतच नव्हत्या तरी हे समोर बसून मधून मधून "हं" म्हणायचे. "काहून हं हं करून राहिले?" असं एरवी काकूंनी लगेच विचारलं असतं.

आठवडे गेले. काकू चार घास जास्त खायला लागल्या. एकदा केस विंचरून बसलेल्या दिसल्या. पण मनापासून विश्वास बसला तो एका दुपारी. मी कॉलेजातून येऊन पाय धूत होते, तर भिंतीपलीकडून काकांची आरोळी. मला वाटलं, संपलं सगळं. तशीच धावत गेले. काका भिजलेल्या पायजम्यात उभे, हातात रिकामी बादली, डोळ्यांत पाणी.

"प्रोफेसरीणबाई! शिवी देल्ली! सुशीलानं मले शिवी देल्ली!"

आतून काकूंचा आवाज येत होता. "सारं पाणी अंगणात सांडून राहिला माणूस! टाकी भरून राहिले का माती? थत् तुमच्या! एक काम धड येत नाही, निंघाले दुनियेचं डोकं दुरुस्त कराले!"

"ऐका," काका मला म्हणाले, "ऐका, अजून देऊन राहिली." आणि आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून त्या शिव्या पूर्ण ऐकल्या.

पुढच्या उन्हाळ्यात केंद्र पुन्हा उघडलं. गोळ्या अजून चालू होत्या, डॉक्टरीणबाईंकडे महिन्याची फेरी चालू होती. पाटीवर एक ओळ वाढली होती: 'औषध डॉक्टरचेच घ्यावे.' बोरकुटे पुन्हा घोरायला लागले. कूलरचं गुपित काकांना कळलं होतं की नाही, मला खात्रीनं सांगता येणार नाही. एकदा मी खडा टाकून पाहिला. काका म्हणाले, "कूलर त साऱ्याइच्याच घरी आहे. मंग सारे इथं काहून येतात?"

गेल्या वर्षी आम्ही मनीषनगरला फ्लॅट घेतला. सामान गेलं, आणि मी शेवटचा निरोप घ्यायला म्हणून दुपारी काकांच्या अंगणात शिरले. मे महिना. पाटीवर खडूनं 'आज बंद' लिहिलेलं. कूलर चालू होता. मी खिडकीशी गेले आणि कूलर आणि चौकटीमधल्या फटीतून आत पाहिलं.

तखतपोसावर काका आडवे होते. उशाशी, त्यांच्या खुर्चीत, काकू बसल्या होत्या, मांडीवर सूप, त्यात शेंगा. धोटा फळीवर तसाच गुंडाळलेला.

"...मी बाहेर अंगणात होतो," काका छताकडे पाहत सांगत होते. "आतून धूर येऊन राहिला होता. आक्का मले म्हणे, वसंता, कडी काढ. माझा हात पुरत होता, सुशीला. कडीले हात पुरत होता."

"हं," काकू म्हणाल्या. शेंगा सोलणं थांबलं होतं.

"लय भेव वाटला मले. म्या नाही काढली."

काकूंनी काही समजावलं नाही. लहान होते तुम्ही, असंही म्हटलं नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं, आणि साऱ्या गल्लीच्या कवट्या चाचपणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यावर आपला हात ठेवला. तो तसाच ठेवून बसल्या. बऱ्याच वेळानं काका घोरायला लागले.

तेवढ्यात काकूंची नजर खिडकीकडे गेली. मी दिसले. मी काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग कूलरकडे भुवई उडवून दाखवलं, आणि अंगणातल्या नळाकडे. टाकीत पाणी कमी झालं होतं.

मी बादली भरली, आणि आवाज न करता ओतली.